सिल्वासाच्या अंगणातला पिवळा बांबू

पिवळ्या बांबूचा नवा कोंब जमिनीतून डोके वर काढतो तेव्हा तो पिवळा नसतो. ऑगस्टच्या ओल्या मातीत, बेटाच्या कडेला, मनगटाएवढ्या जाडीचे एक टोकदार हिरवट टोपण दिसते. त्यावर फिकट पिवळ्या रेघा आणि गडद तपकिरी बारीक लव असते. हात लावायचा मोह होतो, पण ही लव कुसळासारखी बोटात शिरते आणि बराच वेळ खाज सुटत राहते. कोंब वर सरकत जातो तशी खालची खोळ सुटते, वाळते, गळून पडते आणि आतले कांडे उघडे पडते. ते झळझळीत पिवळे, आणि त्यावर उभ्या हिरव्या रेघा. एखादी रेघ केसभर बारीक, शेजारची चांगली बोटभर रुंद. एका कांड्यावरची नक्षी दुसऱ्या कांड्यावर पुन्हा जशीच्या तशी उतरत नाही.

वनस्पतीशास्त्रात या बांबूला बांबुसा वल्गारिस असे नाव आहे आणि पिवळ्या रंगाच्या, हिरव्या रेघांच्या या प्रकाराला 'व्हिटाटा' म्हणतात. मूळ जात इंडोचायना आणि चीनच्या युनान प्रांताकडची मानली जाते, पण उष्ण कटिबंधात माणूस जिथे जिथे गेला तिथे तिथे ती त्याच्यासोबत गेली. पूर्ण वाढलेल्या बेटातली काठी दहा ते पंधरा मीटर उंच होते, कधी त्याहूनही जास्त. जाडी पाच ते दहा सेंटिमीटर, कांड्याची लांबी वीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर. बाकी बहुतेक शोभेच्या झाडांत आपण पान नाहीतर फूल बघतो. इथे बघायची ती काठी. हे एकदा मनात पक्के बसले की हा बांबू कुठे लावायचा, त्याला काय घालायचे आणि त्यातले काय कापायचे, याची उत्तरे आपोआप मिळत जातात. दुर्दैवाने बहुतेक अंगणांत आणि कारखान्यांच्या आवारांत तो झाडासारखा लावला जातो आणि कुंपणासारखा विसरला जातो. मग चार-पाच वर्षांत पाल्याचा एक धुळकट ढीग उरतो आणि ज्या काठीसाठी पैसे मोजले ती कुणाला दिसतही नाही.

मराठी माणसाला सिल्वासा आठवते ते २ ऑगस्ट १९५४ च्या मुक्तिसंग्रामामुळे. बागवानाच्या नजरेने पाहिले तर हा प्रदेश वेगळाच दिसतो. सिल्वासा ज्याचे मुख्य शहर, त्या दादरा आणि नगर हवेलीचे क्षेत्रफळ अवघे ४९१ चौरस किलोमीटर, त्यातला सुमारे चाळीस टक्के भाग जंगलाखाली. एका बाजूला वलसाड, दुसऱ्या बाजूला पालघर जिल्ह्यातले तलासरी, जव्हार, मोखाडा. मधून दमणगंगा वाहते, वर मधुबन धरणाचा फुगवटा आहे आणि खानवेल, दुधनीकडे गेले की सह्याद्रीच्या उतरंडीच्या टेकड्या सुरू होतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. त्यानंतरचे आठ महिने जवळजवळ कोरडे. थंडी नावापुरती, दहिवराचे भय नाही. उन्हाळा मात्र कडक.

बांबूला हे हवामान परके नाही. या टेकड्यांवर मेस आणि काटेरी कळक आपापले उगवतातच. इथल्या वारली, कोकणा, धोडिया, काथोडी वस्त्यांमध्ये बांबूशिवाय पान हलत नाही. कुडाच्या भिंती, कणग्या, सुपे, टोपल्या, मासे धरायच्या मळ्या, सगळे त्याचेच. तारपा या वाद्याचा फुगीर भाग दुधीभोपळ्याचा असला तरी त्यात बसवलेल्या दोन नळ्या बांबूच्या असतात. वारली चित्र काढायचा कुंचला म्हणजे टोकाशी चावून मऊ केलेली बांबूची काडीच. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बेट राखले गेले, त्यांना या लेखातले निम्मे ठाऊक असेल. अडचण शहरातल्या हौशी बागवानाची आहे. आमली, मसाट, पिपरिया, नरोली या बाजूला कारखाने आणि नवी घरे झाली, त्यांच्या भिंतीलगत पिवळा बांबू लावला गेला. तो आला नर्सरीतून, पण त्याच्याबरोबर यायला हवे होते ते बेट सांभाळायचे ज्ञान आले नाही.

बांबू हे गवत आहे, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेले असते. त्याचा बागेतला अर्थ मात्र फार मोलाचा आहे. आंबा किंवा साग दरवर्षी घेराने वाढतो, कारण त्याच्या सालीखाली नवे लाकूड तयार करणारा थर असतो. बांबूत तो थर नाही. कोंब ज्या जाडीने मातीतून बाहेर येतो, त्याच जाडीची काठी कायमची. दोन-तीन महिन्यांत ती आपली पूर्ण उंची गाठते, मग फांद्या फुटतात, पाने येतात, आणि त्यानंतर ती काठी उंचीने वा जाडीने तसूभरही वाढत नाही. पुढची दोन-तीन वर्षे फक्त आतून टणक होत जाते. म्हणून लावल्यानंतर पहिल्या वर्षी बोटाएवढ्या काड्या निघाल्या म्हणून खंतावू नये. त्या कधीच जाड होणार नाहीत हे खरे, पण त्या जे अन्न तयार करून जमिनीखालच्या कंदात साठवतात त्यावर पुढच्या पावसाळ्यातले कोंब पोसले जातात. ते थोडे जाड निघतात, त्याच्या पुढच्या वर्षीचे आणखी जाड. बेटाला पूर्ण जाडीवर यायला पाच-सहा वर्षे सहज लागतात. कोंबाला स्वतःची पाने नसतात. तो संपूर्णपणे जुन्या काठ्यांच्या कमाईवर उभा राहतो. तेव्हा यंदाच्या काठीची जाडी गेल्या वर्षीच्या पानांनी ठरवलेली असते. ऐन मे महिन्यात बेट सपाट छाटणाऱ्याला जुलैमध्ये करंगळीएवढे कोंब मिळतात ते याच कारणाने.

आता रोपाविषयी. जंगलातल्या मेसाला आणि कळकाला अनेक वर्षांनी एकदाच फुलोरा येतो, बी धरते आणि मग बेट मरते. पिवळ्या बांबूचे तसे नाही. त्याला फुलोरा क्वचितच येतो, आणि आला तरी बी धरत नाही. म्हणून त्याचे प्रत्येक रोप कुणाच्या तरी बेटातून तोडलेल्या तुकड्यापासून झालेले असते. सिल्वासाच्या बागेतला पिवळा बांबू, मुंबईतल्या एखाद्या बंगल्यातला आणि दूर वेस्ट इंडिजमधला, हे सगळे मागे मागे नेले तर हातावर मोजण्याइतक्या मूळ बेटांचे तुकडे निघतील. मला या वनस्पतीबद्दल सर्वांत जास्त नवल वाटते ते याचेच. बी नसलेली एक वनस्पती निव्वळ माणसांना आवडली म्हणून अर्ध्या जगभर पोचली.

आणि तुकड्यापासून रोप करणे खरोखरच सोपे आहे. मेसाची काठी अशी सहजी रुजत नाही, पिवळ्या बांबूची रुजते. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ धरावा. दोन वर्षे वयाची, निरोगी, फांद्या असलेली काठी निवडायची. तिचे दोन-दोन गाठींचे तुकडे करायचे, गाठींच्या बाहेर दोन्हीकडे चार-पाच बोटे कांडे राखून. गाठीवरच्या फांद्या मुळाशी बोटभर ठेवून कापायच्या, पण तिथला डोळा दुखवायचा नाही. दोन गाठींच्या मधल्या कांड्याला वरच्या बाजूने एक छोटे भोक पाडायचे, त्यातून कांडे पाण्याने भरायचे आणि भोकावर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. मग भोक वर राहील असा तुकडा आडवा ठेवायचा आणि त्यावर तीन-चार बोटे माती आणि वाळूचा थर द्यायचा. वर सावलीची जाळी, रोज हलके पाणी. आतल्या पाण्यामुळे उन्हाळ्यातही कांडे सुकत नाही. केरळमधल्या पीची येथील वनसंशोधन संस्थेने ही पद्धत अनेक जातींवर वापरून लोकांपर्यंत पोचवली, फक्त तिथे पाण्याऐवजी मुळे फुटण्यासाठी संजीवकाचे द्रावण भरतात. पिवळ्या बांबूला बहुतेक वेळा नुसते पाणीही पुरते.

तीन-चार आठवड्यांत डोळे फुटतात आणि हिरवी पाने दिसू लागतात. इथे पुष्कळ जण घाई करतात. पाने म्हणजे मुळे नव्हेत. काठीतल्या साठ्यावर पाने आधी येतात, मुळे मागाहून. शिवाय नुसत्या मुळांनीही भागत नाही, रोपाला स्वतःचा कंद धरावा लागतो. नर्सरीत रोप घेताना वरची हिरवळ बघू नये, बुडाशी बघावे. मूळ तुकड्याच्या शेजारी मातीतून एक तरी नवी बारीक काडी स्वतंत्रपणे वर आलेली असेल, तर कंद धरला असे समजावे. असे एक फूटभराचे रोप पुरुषभर उंचीच्या दिखाऊ रोपापेक्षा केव्हाही चांगले.

जागा निवडताना ऊन पहिले. सावलीत हा बांबू जगतो, पण काठ्या बारीक निघतात आणि पिवळा रंग फिका पडतो. दिवसाचे निदान सहा तास थेट ऊन मिळावे. मातीच्या बाबतीत त्याचे फारसे लाड नाहीत. दमणगंगेकाठच्या गाळाच्या जमिनीत तो उत्तम येतो, मुरमाड उतारावर खड्डा मोठा केला तर तिथेही रमतो. त्रास होतो तो काळ्या चिकट सपाट जमिनीत, जिथे जुलैमध्ये आठवडा आठवडा पाणी साचते. जुने बेट असे पाणी काही काळ सोसते, नुकतेच लावलेले रोप मात्र कुजते. अशा जागी खड्ड्याऐवजी हातभर उंच वरंबा करावा, त्यावर रोप लावावे आणि बाजूने पाण्याला वाट काढून द्यावी. एरवी दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा, त्यात चांगले कुजलेले शेणखत आणि वरच्या थराची माती, एवढी तयारी मे महिन्यात करून ठेवावी. पहिले दोन-तीन दमदार पाऊस होऊन जमीन निवली की रोप लावावे. त्या चार महिन्यांत ते जे मूळ धरते, त्यावर पुढचा उन्हाळा निघतो.

भिंतीपासून निदान दोन-तीन मीटर अंतर सोडावे. सिल्वासात मला सर्रास दिसणारी चूक हीच. कुंपणाच्या भिंतीला खेटून रांगेने रोपे लावली जातात, कारण लावताना ती काडीएवढी असतात. बेट दरवर्षी बाहेरच्या बाजूने रुंदावते, नवा कंद जुन्याच्या पुढे सरकतो आणि भिंत आडवी आली की तिलाच रेटतो. वर विजेच्या तारा आहेत का तेही बघून घ्यावे, कारण उंच काठ्या शेंड्याकडे झुकतात आणि पावसाळी वाऱ्यात चांगल्याच हेलकावतात. दोन बेटांत चार-पाच मीटर अंतर हवे. रिकामे दिसते म्हणून मध्ये आणखी रोपे कोंबू नयेत.

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा-दोनदा भरपूर पाणी द्यावे. नंतर बेट उन्हाळा काढते, फक्त पाने थोडी जास्त गाळते. हा गळलेला पाला झाडून जाळणे ही बांबूची चोरी आहे. त्या पानांत सिलिका भरपूर असते, बांबूच्या काठीला ताठपणा देणारी, आणि ती कुजून पुन्हा त्याच मुळांना मिळायला हवी. पाला बेटाच्या बुडाशीच पसरावा, त्यानेच ओल टिकते. मे अखेरीस त्यावर शेणखत आणि मातीची भर द्यावी. कंद दरवर्षी थोडे वर चढतात, उघडे पडले की सुकतात, म्हणून ही भर चुकवू नये.

शोभेच्या बांबूंत सिल्वासातल्या हौशी माणसाला आणखी एकाची भुरळ पडते. तो फुगीर कांड्यांचा, नर्सरीवाले ज्याला 'बुद्धा बेली' म्हणतात. या एका नावाखाली दोन वेगळे बांबू विकले जातात, आणि त्यांचा स्वभाव अगदी उलटा आहे. एक आहे बांबुसा व्हेंट्रिकोसा. अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञ एफ. ए. मॅक्ल्युअर यांनी दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातून १९३८ साली त्याचे वर्णन केले. कुंडीत, मुळे आवळलेली असताना आणि पाण्याची ओढ असताना त्याची कांडी आखूड राहून मडक्यासारखी फुगतात. तोच बांबू मोकळ्या, ओल्या, कसदार जमिनीत लावला की सरळ वाढतो, उंच होतो आणि त्याचे पोट नाहीसे होते. दुसरा आहे आपल्या पिवळ्या बांबूचाच भाऊ, बांबुसा वल्गारिसचा 'वामिन' हा प्रकार. त्याची खालची कांडी जमिनीतही फुगीरच राहतात आणि तो मुळातच बुटका असतो.

दोन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात हा फरक महाग पडतो. व्हेंट्रिकोसा अंगणात लावला आणि खत घातले, तर तीन-चार वर्षांत साधा हिरवा बांबू हाती येतो आणि नर्सरीवाल्याने फसवले असे वाटत राहते. अंगणात लावायचा तर वामिन घ्यावा. व्हेंट्रिकोसा हवाच असेल तर उथळ कुंडीत, कमी खतावर ठेवावा. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली, जिथे ऊन मिळते पण पाऊस थेट पडत नाही अशा जागी हलवावी. वरची माती कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नये. दर दोन-तीन वर्षांनी कुंडीतून काढून मुळांची छाटणी करावी आणि त्याच आकाराच्या कुंडीत परत लावावा. बोन्साय करणारे कोंबाची खोळ वेळेआधीच हलक्या हाताने सोलून काढतात, त्याने कांड्याची लांबी आणखी कमी राहते. हे काम नाजूक आहे, कोंब मोडायला वेळ लागत नाही.

'गोल्डन बांबू' म्हणूनही दोन निराळी रोपे मिळतात. एक आपला पिवळा बांबू, बेट करून राहणारा. दुसरा फायलोस्टॅकिस ऑरिया, थंड हवेचा, ज्याचे कंद जमिनीखालून लांबवर धावतात आणि कुठेही कोंब काढतात. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी शास्त्रीय नाव तपासून घ्यावे. टेबलावरच्या पाण्यात ठेवतात तो 'लकी बांबू' तर बांबूच नव्हे. ती आफ्रिकेतली ड्रॅसिना आहे आणि तिला वरचे काहीच लागू नाही.

राहिली छाटणी, आणि माझ्या मते या बांबूची निम्मी शोभा तिच्यातच आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून दरवर्षी काही काठ्या काढल्याच पाहिजेत. कोणत्या, हे काठीच सांगते. यंदाच्या काठीवर गाठींखाली पांढरट भुकटी असते, बुडाशी खोळीचे वाळके तुकडे चिकटलेले असतात. दुसऱ्या वर्षीची काठी स्वच्छ, चकचकीत, रंग सर्वांत गडद. तीन-चार वर्षांची झाली की पिवळेपणा मळकट होतो, त्यावर करड्या बुरशीचे ठिपके बसतात आणि टिचकी मारली की आवाज खणखणीत येतो. काढायची ती हीच. यंदाच्या काठीला हात लावायचा नाही, पुढच्या पावसाळ्यातल्या कोंबांना पोसायचे काम तिचेच. नवे कोंब कडेला आणि जुन्या काठ्या मध्यभागी अशी बेटाची रचना असते, म्हणून एका बाजूने वाट करून आत शिरावे लागते. मधले रिकामे झाले की ऊन बुडापर्यंत पोचते आणि उरलेल्या काठ्या एकेक सुट्या दिसू लागतात. त्यांच्या खालच्या फांद्या डोक्याच्या उंचीपर्यंत साफ कराव्यात. बेटातून एखादी निव्वळ हिरवी, रेघा नसलेली काठी फुटली तर ती मुळापासून काढावी. ती जोमदार असते आणि ठेवली तर तिच्याच कंदाचा पसारा वाढतो.

तोडीचा काळ पाऊस उलगडल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जमिनीलगतच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या अगदी वर, धारदार करवतीने आडवा काप घ्यावा. गाठीच्या चार बोटे वर कापले की तिथे वाटी तयार होते, पावसाळ्यात तिच्यात पाणी साठते आणि डेंग्यूचे डास त्यातच अंडी घालतात. घराशेजारच्या बेटात ही गोष्ट विसरून चालणार नाही. परवानगीची धास्ती पूर्वी अनेकांना वाटे, कारण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वृक्षाच्या व्याख्येत बांबूही होता. २०१७ च्या दुरुस्तीने तो त्या व्याख्येतून वगळला गेला आणि वनक्षेत्राबाहेर स्वतःच्या जागेत लावलेल्या बांबूची तोड सोपी झाली.

तोडलेल्या काठ्यांचा पिवळा रंग टिकत नाही, वाळताना तो गवती होतो. या जातीत पिठूळ अंशही जास्त, त्यामुळे काठी पोखरणारा किडा लवकर लागतो आणि खाली बारीक भुसा पडू लागतो. वाहत्या पाण्यात तीन-चार आठवडे बुडवून ठेवून मग सावलीत उभ्या वाळवल्या तर टिकाऊपणा बराच वाढतो. दुधी-कारल्याच्या मांडवाला अशा वाळलेल्या काठ्याच वापराव्यात. ताजी काठी पावसाळ्यात जमिनीत रोवली तर हा बांबू तिथेच मूळ धरतो आणि महिन्याभरात मांडवाचा खांब पालवतो. तसे झालेच, तर पुढच्या जूनमध्ये तो मुळासकट उकरून मोकळ्या उन्हात, भिंतीपासून लांब लावून द्यावा.